करदोड्याला बांधलेली चावी

१३ जून १९८८

पहिल्याच दिवशी मेमो! आणि तोही कुणाकडून — तर सकाळी ज्यांच्या शर्टाचं बटन मी उभ्या उभ्या टाचून दिलं, त्या माणसाकडून.

आजपासून हे आमच्या सोनगीरच्या शाळेचे हेडमास्तर. जन्मभर गणित शिकवलं, आता कुठे खुर्ची मिळाली. मी प्रार्थनेला जरा उशिरा पोचले. का? तर यांचाच डबा भरत होते. दुसऱ्या तासाला चिंधा शिपाई माझ्या शिवणाच्या वर्गात आला आणि मान खाली घालून कागद पुढे केला. ‘श्रीमती न. पि. बोरसे, सहशिक्षिका, यांनी विलंबाचा लेखी खुलासा करावा.’ खाली यांची लांबलचक सही, शाई अजून ओली.

मीही खुलासा लिहून दिला — ‘मुख्याध्यापकांच्या डब्यात वांग्याची भाजी भरत असल्यामुळे उशीर झाला.’ चिंधा तो कागद धरून व्हरांड्यातून खुदखुदत गेला.

घरात चप्पल काढली की यांची शाळेतली पुस्तकी भाषाही तिथेच निघते. रात्री ताटावर बसल्यावर म्हणतात, “खुलासा मंजूर. पन भाजीमा मीठ कमी व्हतं.”

म्हटलं, “मग मिठाचाही मेमो द्या.”

१४ जून

आज वेळेच्या आधी पोचले. हे माझ्याही आधी. फाटकाशी उभं राहून घड्याळ बघत होते — आणि मी दिसल्यावर जसं काही ओळखतच नाहीत!

२ सप्टेंबर

शाळेत कम्प्युटर आला! सरकारी योजनेतून. तालुक्यातल्या एवढ्या शाळा सोडून आमचं नाव कसं निघालं देव जाणे. धुळ्याहून टेम्पो आला तेव्हा तांबट आळीतली ठोकठोकसुद्धा थांबली, सगळे हातोड्या टाकून बघायला आले. एका खोक्यात टीव्हीसारखा डबा, दुसऱ्यात बटनांची पेटी, तिसऱ्यात नुसत्या वायरी. गावातल्या एका म्हातारीने विचारलं, “गुरुजी, यामा सिनेमा लागी का?”

हे म्हणाले, “आक्का, यामा गणित लागी.” म्हातारी लगेच घरी गेली.

ग्रंथालयाची खोली रिकामी केली. पुस्तकं कुठे? तर माझ्या शिवणाच्या वर्गात, कपाटावर, मशीनवर, खाली. शिकवायला जागा राहिली तर शिकवीन!

५ सप्टेंबर

कम्प्युटरच्या खोलीला गुलाबी पडदे. दारावर पाटी — ‘पादत्राणे बाहेर काढावीत.’ आत जाजम. दाराला अलीगढचं कुलूप. आणि त्याची चावी? हेडमास्तरांच्या कमरेला, करदोड्याला! आंघोळीलाही ती सोडत नाहीत. न्हाणीतून किणकिण येते.

मला फर्मान निघालं — कम्प्युटरसाठी खोळ शिवा. मापं घ्यायला आत गेले तर हे शेजारी उभे. “हात लावू नका, टेप नुसता वरून धरा.” वरून धरून मापं कशी घेतात ते गणिताच्या मास्तरांनीच सांगावं. तरी शिवली. निळं कापड, पांढरी लेस. घातल्यावर तो डबा मुंजीतल्या बटूसारखा दिसायला लागला.

यांच्या काळजीचं कारण मला माहीत आहे. वस्तू आली की डेडस्टॉकच्या वहीत चढते, आणि चढली की हेडमास्तरच्या मानेवर बसते. फुटली-बिघडली तर जबाबदार हेच. म्हणून आमच्या शाळेत पृथ्वीचा गोल कपाटात, दुर्बीण कपाटात, हार्मोनियमही कपाटात. पोरं वस्तूंची नावं तेवढी पाठ करतात.

२० ऑक्टोबर

दसरा. शाळेत पाटीपूजन, आणि यंदा कम्प्युटरपूजन! चौरंगावर ठेवला, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला (देवाची कृपा, बाहेर फोडला). संस्थेचे अध्यक्ष झुलाल नाना आले होते. त्यांनी हळदीकुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या. मग विज्ञानाचे बन्सीलाल सर, मग हे. हे तर डोळे मिटून, मूठभर. बटनांच्या पेटीवर तांदूळच तांदूळ!

मी म्हटलं, “फटींत जातील हो.”

हे हळूच म्हणाले, “शुभ दिन शे, गप ऱ्हाय.”

गप राहिले. चिंधाने पूजेनंतर कापडाने पुसलं आणि माझी खोळ घातली. खोळीवरही कुंकवाचं बोट लावलं.

१ नोव्हेंबर

जळगावला कम्प्युटरचं प्रशिक्षण आहे, दिवाळीच्या सुट्टीत. दोन शिक्षक पाठवायचे. बन्सीलाल सर विज्ञानाचे, त्यांना सुटका नाही. दुसरं कोण? आज शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांची आजारपणं निघाली. एकाची सासू, एकाची पाठ, एकाला जळगावचं पाणी बाधतं.

शेवटी माझं नाव. हे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “नाइलाजाने सौ. बोरसे यांचं नाव देत आहे.” नाइलाजाने! बरं झालं. लेक नंदुरबारला सासरी, घरात आम्ही दोघंच. दिवाळीचा फराळ करून ठेवला की मी मोकळी.

२५ नोव्हेंबर

आले परत. आणि काय सांगू!

पहिल्या दिवशी मला वाटलं, शॉक बसेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, मला नाही जमायचं. मग एका दुपारी मी तीन ओळी टाईप केल्या, बटन दाबलं, आणि पडद्यावर सतराचा पाढा! वरपासून खालपर्यंत, न चुकता. मी सांगितलं म्हणून! पहिल्यांदा शिवणाचं मशीन उलटं न फिरता माझ्या पायाखाली सरळ चाललं होतं, तेव्हा असंच हसू आलं होतं.

बन्सीलाल सरांनी पूर्ण प्रशिक्षणात एकही बटन दाबलं नाही. सगळं सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. मी विचारलं, “सर, करून बघा ना.” ते म्हणाले, “बाई, आधी थिअरी पक्की पाहिजे.”

मला हा वर्ग हवा. दुसरं काही नको.

१२ डिसेंबर

कम्प्युटरचा तास बन्सीलाल सरांना दिला. मला नाही.

आज माझा तास रिकामा होता म्हणून व्हरांड्यातून पाहिलं. नववीचा वर्ग जाजमावर मांडी घालून बसलेला. कम्प्युटर कोपऱ्यात, लेसच्या खोळीत. आणि बन्सीलाल सर फळ्यावर खडूने कम्प्युटर काढताहेत! सुंदर काढला. पट्टीने रेघा, रंगीत खडू. मग बाणांनी भाग दाखवले. पोरं तालात म्हणत होती — हा मॉनिटर! हा कीबोर्ड! मागच्या रांगेतली झुंबर अहिरे मात्र फळ्याकडे न बघता खोळीकडे बघत होती. तिचंच बरोबर होतं.

गृहपाठ काय, तर ‘कम्प्युटरचे फायदे-तोटे पाच ओळींत लिहा.’

१३ डिसेंबर

रात्री यांना सरळ विचारलं. “मला का नाही?”

हे पानाला चुना लावत बसले. खूप वेळ लावला. मग म्हणे, “लोके काय म्हनतीन? नवरा हेडमास्तर व्हयना नि बायकोले मशीन दिधं.”

“आणि पोरं काय म्हणतील? त्यांना कोण विचारतं?”

“बन्सीलाल सीनियर शे.”

“बन्सीलाल सर खडूत सीनियर आहेत!”

यावर यांना हसू आलं, पण ते पानात दाबलं. चावी किणकिणली, कूस बदलली, संपलं. मला रडू आलं ते मात्र मी दाबलं नाही. सरळपणाचा एवढा हव्यास की त्यापायी माणूस वाकडं वागतो! घरच्या माणसावर अन्याय केला की न्याय झाला, असं कुठल्या गणितात बसतं?

९ जानेवारी १९८९

खात्याचं पत्र आलं. फेब्रुवारीत साहेब तपासणीला येणार. कम्प्युटर वापरात नसेल तर तो उचलून धुळ्याच्या शाळेला देणार. यांचा चेहरा खडूसारखा.

दुपारी सगळ्या शिक्षकांसमोर करदोड्यातून चावी निघाली. खोळ काढली, बन्सीलाल सरांनी वही उघडली आणि वहीत बघून बटन दाबलं. पडदा उजळला! टाळ्या! मग टाईप करायला गेले तर ‘आर’चं बटन खाली बसलेलं, वरच येईना. आणि ‘आर’शिवाय या मशीनचं पान हलत नाही — लिही म्हणायला ‘आर’ लागतो, चाल म्हणायलाही ‘आर’.

बन्सीलाल सर दोन पावलं मागे. “मना हात लागना नही भो! तुम्ही बठ्ठा पाही ऱ्हायनात!”

सगळे शिक्षक एकेक करून तास आठवून निघून गेले. खोलीत आम्ही दोघं आणि चिंधा. हे खुर्चीवर बसले. कधी बसत नाहीत ते, त्या खोलीत. म्हणाले, “गयं. डेडस्टॉक गयं.”

मी म्हटलं, “तांदूळ आहेत हो आत. दसऱ्याचे.”

१० जानेवारी

शाळा सुटल्यावर कीबोर्ड उघडला. शिवणाच्या मशीनचा बारका पेचकस, त्याचाच ब्रश. पेच दोनदा जाजमात पडला आणि हेडमास्तर गुडघ्यांवर बसून तो शोधत होते. आतून काय काय निघालं — तीन तांदूळ, कुंकवाची गुठळी, झेंडूची पाकळी. ‘आर’ टुणकन वर आला!

यांनी ते तांदूळ कागदात बांधले. म्हटलं, “यांचीही नोंद करा डेडस्टॉकला.”

यांनी पुडी खिशात टाकली. घरी येताना मात्र अर्ध्या वाटेवर म्हणाले, “उद्यापाईन रिकामा तासले तू घे. रिकामा तासले, बरं का. टाइमटेबलमा नाव नको.”

नाव नसलं तरी चालेल!

२३ जानेवारी

झकास चाललंय. चपलांची पाटी काढली — पोरांचा अर्धा तास चपला शोधण्यात जायचा. पोरी आधी बोट लावायला भीत होत्या. मी म्हटलं, “दाबा. तुटलं तर मी शिवून देईन.” झुंबरने पहिलं बटन दाबलं आणि स्वतःच किंचाळली. आता तिला उठवावं लागतं. आज तिने गावच्या बाजाराचं गणित घातलं — मेथीची जुडी, वांगी, भाव आणि बेरीज. मशीनने बेरीज केली आणि तिने ती बोटांवर ताडून पाहिली! म्हणाली, “बाई, बराबर शे.” मशीन पास झालं एकदाचं.

हे रोज येतात आणि दारात उभे राहतात. आत येत नाहीत. चौकटीला हात धरून, पाय बाहेर. मी एकदा म्हटलं, “या ना सर.” तर घड्याळ बघून निघून गेले. आधी वाटलं, माझ्यावर लक्ष ठेवतात. आज यांचा चेहरा नीट पाहिला, तेव्हा कळलं.

यांना येत नाही! जन्मभर उत्तर माहीत असल्याशिवाय हे वर्गात शिरले नाहीत. आणि इथे नववीच्या पोरीला जे येतं ते यांना येत नाही. म्हणून उंबरठा. म्हणूनच कुलूप असेल, आणि म्हणूनच ती चावी कमरेला. बिचारे माझे हेडमास्तर.

५ फेब्रुवारी

रविवार. दुपारी हे उगाच म्हणतात, “शाळामा एक चक्कर मारी येऊत का?” रविवारी! मी लगेच चपला घातल्या. चिंधाला फाटकाशी बसवलं — “कोनी उनं तं खोक जोरमा.”

आत बसलो. हे खुर्चीवर, मी शेजारी उभी. एका बोटाने टाईप करतात, आणि ते बोट वरून आणतात, कैरी पाडायला दगड मारावा तसं. एक ओळ लिहिली. बटन दाबलं. पडद्यावर इंग्रजीत शब्द आला — मिस्टेक.

“काय म्हने हाऊ?”

“चूक म्हणतोय.”

“माले?”

“तुम्हालाच. इथे दुसरं कोण आहे?”

कान लाल झाले! मला वाटलं, आता उठून जातात. परत टाईप केलं, परत मिस्टेक. तिसऱ्यांदा मिस्टेक. आणि मग यांना हसू फुटलं. पोट धरून हसायला लागले, डोळ्यांतून पाणी. लग्नानंतर यांना इतकं हसताना मी एकदाच पाहिलं होतं, माझा पहिला पुरणाचा मांडा खापरावर फाटला तेव्हा. म्हणाले, “आयुष्यभर मी पोरेसले चूक दिधी. आज माले कोनी तरी दिधी.”

बाहेर चिंधा जोरजोरात खोकायला लागला. आम्ही चोरांसारखे गप्प. कोणी नव्हतं, त्याला खरंच ठसका लागला होता.

१७ फेब्रुवारी

तपासणी झाली. घरी आल्या आल्या लिहितेच.

साहेब खोलीत आले, बन्सीलाल सरांच्या फळ्याचं कौतुक केलं, पोरांना प्रश्न विचारले. पोरांनी धडाधड सांगितलं. मग साहेबांनी मशीनकडे बोट केलं. “हे खरंच वापरता? की मी येणार म्हणून खोळ काढली?” साहेब यांच्याकडे वळले. “हेडमास्तर, तुम्ही दाखवा करून.”

यांना अजून धड येत नव्हतं! बन्सीलाल सर खाली बघत गालातल्या गालात हसत होते.

हे चौकटीतून आत आले. खुर्चीवर बसले. साऱ्या नववीसमोर, शिक्षकांसमोर, साहेबांसमोर ते एक बोट वर गेलं. टाईप केलं. बटन दाबलं. मिस्टेक!

साहेबांनी वाकून पडद्यावरचा शब्द वाचला.

आणि हे मागे वळले. आयुष्यभर वर्गात पुस्तकी बोललेला माणूस, घरात बोलतो तसं बोलला. “झुंबर, आठे ये बेटा. पाह्य बरं, मनी काय चूक व्हयनी?”

झुंबर आली. वाकली. “सर, त्याले बारका अक्षरे चालतस नही. मोठला लागतस. हाई बटन दाबा.” यांनी ते बटन दाबलं, परत टाईप केलं. सतराचा पाढा! वरपासून खालपर्यंत!

पोरांनी टाळ्या वाजवल्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी. साहेब हसले. म्हणाले, “बस. जिथे हेडमास्तर पोरीला विचारतो, तिथे मशीन वापरात आहे.” मशीन राहिलं!

मला यांचा इतका अभिमान वाटला की सगळ्यांसमोर काहीतरी करून बसेन असं वाटलं. मी पटकन खोळीची घडी घालायला घेतली.

२७ फेब्रुवारी

गंमत! आता सगळ्यांनाच कम्प्युटर हवाय. भूगोलाचे सर आले, हिंदीच्या बाई आल्या, पाठ दुखणारे धनसिंग सरही आले. म्हणतात, “हेडसरांनाच मिस्टेक येते, तर आपल्याला आली तर काय झालं!” शिक्षकांच्या खोलीत आता एकमेकांना चिडवतात — काल तुझ्या किती मिस्टेक? दुर्बीणही कपाटातून निघाली. पृथ्वीचा गोलही. हार्मोनियमला उंदीर लागले होते, ती गेली.

चावी अजून करदोड्यालाच आहे, पण दिवसभर कुलूप उघडं असतं.

१९ मार्च

संस्थेची सभा. बन्सीलाल सरांनी अर्ज दिला होता. सेवाज्येष्ठ शिक्षकाला डावलून हेडमास्तरांच्या पत्नीला मशीन दिलं, वगैरे. रिकाम्या तासाला देऊनही! सभेत कुणीतरी बोललं, “नवरा हेडमास्तर, बायको कम्प्युटरनी बाई — शाळा शे का घर शे?” लोक हसले म्हणे. झुलाल नानांनी सांगून टाकलं, जूनपासून एका घरात खुर्ची किंवा मशीन, एकच काहीतरी राहील. याचा अर्थ न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही. मी शिवणात परत.

आणि हे? सभेत गप्प बसले. चिंधाने सांगितलं — एक शब्द नाही. घरी येऊन हात-पाय धुतले, जेवले, झोपले.

२० मार्च

मी बोलत नाही.

२४ मार्च

अजून बोलत नाही. वाढते आणि उठते. आज यांनी विचारलं, “तुना तब्येतले काय व्हयनं?” मी चिंधाकरवी मेमो पाठवणार होते, ‘खुलासा करावा’ म्हणून. खरंच लिहिला होता. मग फाडला. मशीनसमोर एवढ्या धीटपणे चुकलेला माणूस, चार टोळभैरवांसमोर बायकोचं नाव घ्यायला घाबरतो? मला राग आहे. खूप राग आहे, आणि त्याहून जास्त वाईट वाटतंय.

२९ एप्रिल

झुंबरने विचारलं, “बाई, दहावीमाबी तुम्हीच ना?” मी म्हटलं, बघू. घरी आले आणि रडले.

१४ मे

सुट्टी. अंगणात बिबडे घालतेय, ज्वारीचे पापड. पिठाचा घाटा रटरटायला लागला की दुसरं काही सुचत नाही, ते एक बरं.

हे मात्र विचित्रच वागताहेत. काल स्वतःच्या शर्टाचं बटन स्वतः लावत होते! सुईत दोरा ओवायला अर्धा तास. आज चुलीपाशी पाट घेऊन बसले. म्हणे, खिचडी दाखव. सगळं विचारतात — डाळ किती, पाणी किती, फोडणी आधी का नंतर. गणिताच्या मास्तरला स्वयंपाक शिकवणं म्हणजे शिक्षा! मी म्हटलं मीठ अंदाजाने, तर म्हणतात, “अंदाज म्हंजे कितला?”

म्हटलं, “रिटायर झाल्यावर खानावळ काढायची आहे का?”

हसले. अबोला तिथेच मोडला माझा, खिचडीवर. यांची खिचडी खारट झाली. मी पडद्यासारखं म्हटलं — मिस्टेक!

६ जून १९८९

टाइमटेबल लागलं!! फळ्याशेजारी, यांच्या अक्षरात. ‘संगणक — इयत्ता नववी, दहावी — श्रीमती न. पि. बोरसे.’ रिकाम्या तासाला नाही. पक्के तास! मी दोनदा वाचलं, मग चिंधाला वाचायला लावलं.

म्हणजे हे लढले! आतल्या आत, न सांगता, नानांशी भांडले असणार. आणि मी इतके दिवस तोंड फुगवून बसले होते! घरी येऊन म्हटलं, “हेडमास्तर, जिंकलात हो तुम्ही.” हे नुसते “हं” म्हणाले. मिसळणाच्या डब्याकडे बोट दाखवलं. हळदीच्या वाटीत चावी.

म्हटलं, “करदोडा तुटला की काय?”

“आते तठेच ऱ्हाऊ दे,” म्हणाले आणि अंगणात जाऊन बसले. आज गोडाचा शिरा केला. दोनदा घेतला यांनी.

१० जून

बाजारात झुलाल नाना भेटले. मी आभार मानायला गेले. म्हटलं, “नाना, तुम्ही यांचं ऐकलंत, फार बरं केलंत.”

नाना म्हणाले, “आमी काय ऐकं बाई, त्यासनी सोताच बदली मांगी लिधी. एक घरमा दोन जन नको व्हतीन तं मी जास म्हने, पन मशीन तिनाकडेच ऱ्हावाले पाहिजे. खुर्ची बन्सीलालले दी टाकी. रावेरकडनी आपली ती बारकी शाळा शे ना, सातवीपावत, तठे चालनात. सोमवारनी गाडी. तुमले सांगं नही का?”

भाजी न घेताच घरी आले. हे चुलीपाशी बसलेत, खिचडी टाकलीय. एका हातात मिठाची वाटी, दुसऱ्या मुठीत मीठ; बघताहेत, किती ते. मी यांच्या हातातली वाटी घेतली नाही. यांच्या मुठीवर माझी मूठ ठेवली आणि म्हटलं — एवढं.